हवेच्या टाकीवरची पेटी

पुंजा, मरायचं होतं तर मर, कोण अडवते? पण मला घातलेली शपथ आधी सोडवायची होती. ती माझ्या नरड्यात तशीच अडकवून तू तिरडीवर जाऊन निजला. तुझी तेरवी झाली, लोक जेवून, हात धुऊन घरी गेले, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलाच आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. जित्तेपणी धरायला तू सवड कुठं दिली? जुनं भांडण मिटायच्या आत तुझं नवं उभं राहायचं. म्हणून लिहून राह्यलो. माझी शाळा चौथ्या बुकाच्या अलीकडेच सुटली, अक्षर बैलमुतीसारखं वाकडं जाते, हे तुला माहीत आहे. हसायचं तर हस.

लोक तुझ्याबद्दल काय बोलतात तेही ऐकून घे. पंगतीत माझ्या शेजारचा म्हणाला, पुंजाजी शांत माणूस, कोणाला कधी वाकडा शब्द नाही. शांत! माझ्या हातातला घास हातातच राहिला. जगाशी असशील शांत. माझ्याशी तू एका पेचावरून दोन दिवस बोलला नव्हता, आणि पेच तुझ्याच खिशात निघाला होता.

शनिवारचं भजन, मारुतीचं देऊळ, तू पेटीवर आणि मी टाळ घेऊन तुझ्या उजव्या हाताला. मध्ये ओंकारबुवा, चाल तो सांगणार. कापसाच्या हंगामात तू खामगावच्या जीनमध्ये इंजनावर असायचा, मी माझ्या गाडीवर कापूस वाहायचो, आणि शनिवारी काहीही करून दोघंही गावात. कधी माझ्या गाडीत रुईवर निजून यायचा, कधी पायी. भजन चुकलं तर तुला दुसऱ्या दिवशीची भाकर गोड लागत नव्हती. मला लागायची. पण मी कधी चुकवलं नाही, कारण तू येणार आणि मी नाही, हे मला कसं चालेल?

आखाजीच्या आधी तुझ्या अंगावरून वारं गेलं. तोंड सुधरलं, पाय सुधरला, डावा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. पेटीला दोन हात लागतात. उजव्याने पट्ट्या, डाव्याने मागचा भाता. बाकीची सगळी कामं तू एका हाताने शिकला, विडीसुद्धा वळायला शिकला. पेटी काही एका हाताची होत नव्हती.

मी तुझ्या ओसरीत येऊन म्हटलं, "म्या बसतो न तुह्या बाजूले. तू पट्ट्या दाब, म्या भाता मारतो. शनवारी चाल."

"नाई."

"काऊन नाई?"

"भाता तुह्या आन सूर माह्या? मंग लोक म्हनतीन दोन म्हाताऱ्याइनं मिळून एक पेटी वाजोली."

"म्हनू दे न बे. लोकाइचं काय जाते?"

"उकंड्या, भाता म्हनजे पेटीचा श्वास हाये. गानाऱ्याच्या नाकानं दुसरा कोनी श्वास घेते काय?"

मी उठून गेलो. माझा हात तुझ्या पेटीला चालत नाही म्हणजे काय? पावसात फसलेल्या गाडीचं चाक याच हाताने काढलं होतं. तेव्हा तू वरून नुसता ओरडत होता, "डावीकून लाव, डावीकून." तेव्हा चालला माझा हात.

पंधरा दिवसांनी तूच निरोप पाठवला की गाडी जुंपून ये, खामगावले जायचं आहे. का ते सांगितलं नाही. तिथं गेल्यावर जीनच्या मागच्या आवारात नेलं आणि तरोट्याच्या रानगवतात पडलेली एक टाकी दाखवली. लोखंडाची, लांबुडकी, माझ्या छातीइतकी उंच, गंजून लाल झालेली. जुन्या इंजनाची हवेची टाकी. तिच्यात हवा दाबून भरायची आणि तोटी उघडली की त्या धक्क्याने इंजनाचं चाक पहिला फेरा घ्यायचं. नवीन इंजन आलं तशी ती फेकून दिली होती. जीनचा मिस्त्री तुझ्या हाताखाली शिकलेला, तो म्हणाला, न्या काका, इथं सापच राहतात तिच्याखाली.

"काय करतो हिचं?" मी म्हटलं.

"पेटीचा भाता करतो."

मला वाटलं वारं तुझ्या हातावरूनच नाही, डोक्यावरूनही गेलं.

तरी आणली. दोन दोरखंडांनी बांधून, बैलांना दर कोसाला थांबवत आणली. गावाच्या शिवेवर पोलीस पाटील आडवा आला. "काय आनून राह्यले बे?"

"तोफ," तू म्हणाला.

"कायले?"

"नागपूरच्या लाटसाहेबाले सलामी द्याले."

पाटलाने काठी वाजवून पाहिली. आतून पोकळ आवाज आला, तरी तो तुझ्या ओसरीपर्यंत गाडीच्या मागे चालत आला. वहिनी दारात उभ्या होत्या. टाकी पाहून म्हणाल्या, "घरात एक म्हतारं कमी होतं काय, दुसरं आनलं?"

मग आपलं भांडण खरं सुरू झालं. टाकीच्या तोंडात तांब्याची नळी बसवली आणि सांध्यातून हवा सुटू लागली. मी म्हटलं, सुतळीला राळ-मेण लावून गुंडाळ. तू म्हणाला, गूळ-चुना भर. तुझ्या बापाने मळ्यातली विहीर गूळ-चुन्यात बांधली होती आणि तिच्यातून अजून थेंब झिरपत नाही, ही गोठ तू मला शंभर वेळा सांगितली असशील.

"विहिरीतून बाहेर दाब मारते काय कोनी?" मी म्हटलं.

"चुन्याले दाब कयत नाई. चुना चुना असते."

"मंग गूळ तरी कमी टाक."

"जितका गूळ तितकं घट्ट. तू गाडीवान, तुले काय कयते?"

भरला गूळ. तिसऱ्या दिवशी पेटी जोडून पाहिली. तू पट्टी दाबली, सूर निघाला, आणि सुराच्या मागे मुंगळे निघाले. नळीतून आत शिरून त्यांनी पेटीत घर केलं होतं. पट्ट्यांच्या फटींतून वर आले, तुझ्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत. एका हाताने तू झटकणार तरी किती? मी झटकून राह्यलो आणि हसून राह्यलो, आणि तू माझ्या हसण्यावर जास्त चिडला की मुंगळ्यांवर, ते मला अजून माहीत नाही.

वहिनी म्हणाल्या, "आता मुंगळेच भजन म्हनतीन. तुमी दोघं उगे ऱ्हा."

पेटी उन्हात उघडून ठेवावी लागली. राळ-मेणाची सुतळी मीच आणून ठेवली, तू ती गुपचूप वापरली, आणि गूळ-चुना चुकला हे शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. वर म्हणाला, चुना बरोबर होता, मुंगळे खराब निघाले.

पुढचं मात्र तू चांगलं जमवलं. टाकीतली हवा थेट पेटीत सोडली तर सूर किंचाळत होता. म्हणून मध्ये चामड्याची पखाल लावली, खामगावच्या पाणी वाहणाऱ्या भिस्त्याने टाकून दिलेली, तूच शिवून घेतली. टाकीतून हवा पखालीत, पखालीवर पाटी आणि पाटीवर दगड, आणि दगडाच्या भाराने पखालीतली हवा संथपणे पेटीत. तोटीला सुतळी, सुतळी तुझ्या पायाच्या अंगठ्याला. पखाल बसू लागली की अंगठा ओढायचा. ते पाहून मी काही बोललो नाही. त्याला तू माझी कबुली समजला असशील तर समज.

पाहण्यापुरती थोडी हवा आळीतल्या पोरांनी भरली होती, पण अभंगभर टाकी भरणार कोण? सायकलचा पंप, त्याला दोन्ही हात लागतात. तू पंप माझ्यासमोर ठेवला आणि छपराकडे पाहू लागला. मी मारला. गंजलेलं लोखंड, कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून मी कडुनिंबाच्या आडून मारायचो, लांब नळी लावून.

"फुटली त दोघं जाऊ," मी म्हटलं.

"बरंच हाये. एकाच तिरडीवर नेतीन."

घामाने माझं बंडीचं कापड अंगाला चिकटलं आणि मला एकदम उजेड पडला. पंप खाली टाकून मी उभा राहिलो. "पुंज्या, हे हवा कोनाची हाये? माहीच न? मंग पेटीले म्या भाता मारला काय आन टाकीत भरली काय, फरक काय बे?"

तू पंप उचलून परत माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "टाकीत गेली का हवा कोनाची ऱ्हात नाई."

हे काय उत्तर झालं? मागून मला चार जवाब सुचले. दरवेळी सांगायला लागलो की तू म्हणायचा, पंप मार. ते भांडण तसंच राहिलं. आता ते चार जवाब घेऊन मी कोणाकडे जाऊ?

ज्या दिवशी पेटी नीट वाजली तो दिवस सांगतो, कारण तो तू पाहिला नाही, तू वाजवून राह्यला होता. एक अभंग पुरेल एवढी हवा होती. तू डोळे मिटले. लोंबता हात मांडीवर घेऊन बसला होता, आणि उजवा हात पहिल्यासारखा, जसा मी त्याला सगळ्या शनिवारांत पाहिला, तसाच पट्ट्यांवरून गेला. वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आल्या. भाकर तव्यावर जळाली, ती कोणी उलटवली नाही. सूर संपत आला तसा खाली उतरत उतरत विझला, आणि तू डोळे उघडून म्हणाला काय, तर "पंप कमी मारला."

त्या वेळी मला तुझ्या टाळक्यात पंप घालावा वाटला. तरी दुसरं एक सांगून टाकतो, तोंडावर कधी सांगितलं नसतं. माझी बायको गेली त्या वर्षी तू रोज सांजच्याला माझ्या अंगणात भांडायला यायचा. बैलांना पेंड कमी घालतो म्हणून, कुंपण वाकडं आहे म्हणून, टाळ मागे पडतो म्हणून. काखेत फडक्यात भाकरी असायची. भांडता भांडता अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवायचा. दुसरे लोक येऊन डोळे पुसून जायचे आणि घर आणखी रिकामं करून ठेवायचे. तुझ्याशी भांडायचं म्हणून मी दुपारपासून मुद्दे जमवायचो. त्या वर्षी मी जगलो तो त्या मुद्द्यांवर.

असा तू भांडखोर. म्हणूनच तो शनिवार मला गिळता येत नाही.

टाकी गाडीवरच ठेवायची, गाडी देवळाच्या खिडकीखाली लावायची, आणि नळी खिडकीतून आत घ्यायची, असं ठरलं. आत फक्त पेटी आणि पखाल. तू नवं धोतर नेसला होता. पेटी आधीच आत ठेवून आलो होतो. तू पखाल खांद्यावर टाकून पायऱ्या चढला, मी बैल सोडून पिंपळाला बांधत होतो. बांधून वळलो तर तू पखाल घेऊन खाली उतरत होता.

"काय झालं?"

"काई नाई. पेटी आन आन गाडी जुप."

"काई नाई कसं? तोंड पाह्य तुह्यं."

"बुवा म्हनते चामडं देवळात नाई."

माझ्या हातात बैल हाकायची पराणी होती. मी तसाच पायरीकडे निघालो. काय बोलायचं ते माझ्या जिभेवर तयार होतं. तू मागून माझा दंड धरला. एका हाताच्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला?

"उकंड्या, बुवाले एक सबद बोलशील त माह्या गयाची शप्पत हाये तुले."

गळ्याची शपथ! माझ्या गळ्याची घातली असती तर मी मोडली असती, काय व्हायचं ते मला झालं असतं. पण ही शपथ मोडणाऱ्याला काही होत नाही, ज्याचा गळा तो जातो. हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू ती घातली. मी पेटी आणली, बैल जुंपले, आणि आतून भजन सुरू झालं तेव्हा आपण दोघं गाडीवर होतो.

मी त्यानंतर देवळात टाळ धरला नाही. ओंकारबुवा रस्त्यात भेटायचा, म्हणायचा, राम राम उकंडाभाऊ. मी राम राम म्हणून पुढे व्हायचो आणि घरी जाईपर्यंत माझे दात दुखायचे. तुझ्या ओसरीत येऊन मी रोज म्हणायचो, शप्पत सोडव. तू म्हणायचा, पाणी पे. कशासाठी गप्प बसला तू? त्याला भीत होता? तू जीनच्या साहेबाला भिला नाही, वारं अंगावरून गेलं त्याला भिला नाही. मग? विचारलं की तोंड फिरवायचा. आणि टाकी तिथंच कोपऱ्यात, तिला टेकून तू बसायचा.

टेकूनच गेला. दुसऱ्यांदा वारं आलं आणि घेऊन गेलं. वहिनींचा निरोप आला तेव्हा मी शेतात होतो. धावत आलो तर तुझी मान टाकीवर कलली होती.

मी शपथ पाळली, पुंजा. ओंकारबुवाला एक शब्द बोललो नाही. कितीदा जिभेवर आलं आणि तुझ्या गळ्यासाठी गिळलं. तरी तू गेला! मग ती शपथ कशाची होती? मी कोणासाठी मुका बसलो होतो? स्मशानात लोक म्हणत होते, उकंडा रडत नाही. रडतो कशाचा, मला तुला उठवून बदडायचं होतं.

तेरवीला भजनी मंडळी आली. खामगावहून दुसरा पेटीवाला आणला होता. ओसरीत तुझी टाकी आणि पखाल तशीच होती, वहिनींनी कोणाला हलवू दिली नाही. ओंकारबुवाने पखालीकडे पाहिलं आणि सतरंजी तिच्यापासून थोडी दूर ओढली. तेवढं मला पुरलं. मेलेल्याच्या गळ्याला आता काय होणार होतं?

"बुवा," मी म्हटलं, "ते मृदंग उचल आन बाहीर ठेव."

"काऊन बा?"

"चामडं हाये. का मृदंगाले केळीची पानं मढोली हायेत? आन तूबी उठ. तुह्यं आंग कायचं हाये? देवानं तुले काय मखमलीत शिवलं?"

कोणीतरी म्हणालं, भाऊ, तेरवी आहे. मी म्हटलं, तेरवी आहे म्हणूनच बोलतो, आधी बोललो असतो तर ती लवकर झाली असती. आणि शपथेची सगळी गोठ ओसरीत उघडी केली. पखाल भिस्त्याची आहे म्हणून त्याच्या नाकाला लागली का, तेही त्याला तोंडावर विचारलं.

ओंकारबुवाने मान खाली घातली. मला वाटलं होतं तो भांडेल, मी तयारीनं उभा होतो. तो म्हणाला, "लागली. खोटं काऊन बोलू? म्या म्हनलं, पुंजाजी, चामडं देवळात नाई. त्यानं पखाल उचलली आन गेला. मले वाटलं आता वळन, दोन शिव्या दीन, मंग म्या म्हनन आना बा. तो वळलाच नाई. म्या दारात उभा होतो, उकंडाभाऊ. तुमची गाडी गेली."

"मंग घरी काऊन नाई आला?"

"कोन्या तोंडानं येऊ? येत्या शनवारी पुंजाजी येईन, वाटलं. मंग तू टाळ सोडला, तवा त लाजच वाटली."

मग तो म्हणाला, "शनवारी देवळात आना पेटी. टाकी, पखाल, समदं."

"थू," मी म्हटलं. "जित्त्याले बाहीर काढलं आन मेल्याची पालखी नेता? नाई आनत. इथंच सडू दे."

आतल्या दारातून वहिनी बोलल्या. बाकी बाया त्यांना धरून बसल्या होत्या, तरी आवाज साफ होता. "भावजी, तुमाले कोनी इचारलं? टाकी माह्या मालकाची हाये. त्याइले देवळात वाजवाची होती. तुमच्या रागापायी नोती बनोली त्याइनं."

मला आजवर कोणी असं बोललं नाही. तुझ्याशिवाय.

शनिवारी गाडी जुंपली. टाकी भरून घेतली. देवळापाशी गाडी खिडकीखाली लावली, पेटी आत ठेवली, आणि पखाल गाडीत तशीच ठेवून खाली उभा राहिलो. म्हटलं, मी नाही नेत. ज्यानं बाहेर काढली त्यानं न्यावी. ओंकारबुवा पायऱ्या उतरला. उपरणं काढून ठेवेल असं मला वाटलं. त्याने ते ठेवलं नाही. पखाल उचलून त्याच उपरण्यावर खांद्याला घेतली. चामड्याला चोपडलेल्या जुन्या तेलाचा डाग उमटला. त्याचं वय तुझ्यामाझ्याएवढंच. तिसऱ्या पायरीला थांबला, दम घेतला, आणि आत गेला. मारुतीच्या पुढ्यात पखाल ठेवून स्वतः पेटीमागे बसला. मी आत जाऊन खिडकीतून घेतलेली नळी पखालीला जोडली. त्याला पेटी कुठं येते? एकच पट्टी दाबून धरली आणि मला म्हणाला, सोड. मी सुतळी ओढून तोटी सोडली. त्या एका सुरावर सगळ्यांनी अभंग म्हटला. मी टाळ धरला. मागे पडलो असेन.

माझा त्याच्यावरचा राग त्या पायऱ्यांवरच उतरला, पुंजा, आणि तिथंच तुझ्यावरचा चढला. कारण तो पखाल घेऊन चढू शकत होता. त्या दिवशीही ओंकार हाच होता, देऊळ हेच होतं आणि पायऱ्या याच होत्या. तू नुसता वळला असता. उतरता उतरता एकदा मान फिरवून त्याला "काऊन?" एवढंच विचारायचं होतं. माझ्यापाशी तर दिवसातून शंभर डाव विचारायचा.